उघडं पाकीट

एल्मबाख मठ, २४ जानेवारी १९५६

प्रिय बुर्गल,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर तू अजूनही 'लोइस' लिहितेस. दारावरचे ब्रदर टपाल लावताना दर वेळी मला विचारतात, "हा लोइस कोण बुवा? आपल्याकडे आहे का कोणी असा?" मी म्हणतो, "होता एक. गेला बिचारा." मग ते हसतात आणि मीही हसतो. इथे मी ब्रदर वेंडेलिन आहे हे तुला पक्कं ठाऊक आहे. तू मुद्दाम करतेस, हे मलाही ठाऊक आहे.

आईचं वाचलं. ख्रिसमसनंतर उजवं अंग गेलं आणि तू मला आज कळवतेस! पण तुला बोलण्याचा मला काय अधिकार? आम्ही दोघं भाऊ तुझ्या गळ्यात शेत, गाई आणि म्हातारी बांधून इथे येऊन बसलो. हे तू कधी लिहीत नाहीस. मीच लिहून टाकतो, म्हणजे तुझी शाई वाचेल.

तू म्हणतेस, ती तुला अंग पुसू देत नाही. शेगडीशेजारी पडून असते आणि जिभेला जमेल तसं एकच सांगते, "लोइस येईल. तो शिकलाय. तो करेल." खरं आहे, शिकलोय. इथल्या आजारखोलीत माझी उमर गेली. परक्या म्हाताऱ्यांच्या पाठी पुसतो, नखं कापतो, रात्रीची भांडी धुतो. तू तेवढ्यावरून जो टोमणा मारलास तो मला लागला नाही. मला सध्या काहीच फारसं लागत नाही. पण तो बरोबर होता.

आता तुझ्या शेवटच्या ओळीबद्दल. "त्या अंगठीवाल्याला सांग की त्याचीही आई आहे." बुर्गल, सांगायची गरज नाही. आमची पत्रं उघडी जातात. आम्ही लिहितो आणि पाकीट न चिकटवता मठाच्या प्रमुखाच्या, अ‍ॅबटच्या, टेबलावर ठेवतो. तो वाचतो, चिकटवतो आणि टपालात टाकतो. येणारं पाकीटही तोच फोडतो, मग ते माझ्या खणात येतं. हा नियम संत बेनेडिक्टने चौदाशे वर्षांपूर्वी घालून दिला, आपल्या धाकट्या हियासने नव्हे, तो आज अंगठी घालून अ‍ॅबट झाला असला तरी. आधीचा म्हातारा अ‍ॅबट तर वाचून वर चौकशी करायचा, "काय वेंडेलिन, तुमच्या मावशीची शेळी व्याली का?" तेव्हा तुझी ओळ हियासने माझ्या आधी वाचली असणार. हे पत्रही तो वाचणार. नमस्कार, फादर अ‍ॅबट. तुमचे कान लाल झाले असतील.

आता नीट ऐक. मागच्या हिवाळ्यात ब्रदर इसिडोरचा बाप अंथरुणाला खिळला. बहिणीचं पत्र आलं. इसिडोरने तोंडही उघडलं नव्हतं, तेवढ्यात हियासने त्याला वर बोलावलं. "जा, बापाजवळ जाऊन बस. बसचे पैसे कोठाऱ्याकडून घे." त्याने पत्र वाचलं होतं म्हणून त्याला कळलं. तुझं पत्रही त्याने वाचलंय. म्हणजे आज-उद्या मलाही बोलावणं येईल. मी माझ्या बुटांना चरबी चोळून ठेवली आहे. आईला सांग, येतोय.

तुझा,
लोइस (घे, लिहिलं)

एल्मबाख मठ, ५ फेब्रुवारी

प्रिय बुर्गल,

अजून बोलावणं आलेलं नाही.

थंडी अशी आहे की प्रार्थनाघरात पवित्र पाण्याचं भांडं गोठून फुटलं. आजारखोलीतला नळ मी रोज सकाळी गरम चिंध्यांनी उघडतो. तुमच्याकडे वर तर याहून वाईट असणार. गोठ्याच्या दाराला पेंढा लावलास ना? लावला असशील. तुला मी काय शिकवणार?

हियास रोज येतो. अ‍ॅबटने आजाऱ्यांची विचारपूस रोज करावी असा नियमच आहे, आणि नियम पाळण्यात आपला हियास लहानपणापासून पुढे. आठवतं ना, लहान असताना शुक्रवारी, मांस वर्ज्य असताना, चुकून सॉसेजचा तुकडा खाल्ला तर अंगणात जाऊन घशात बोट घालत होता. आजारखोलीत सध्या एकच मुक्कामी पाहुणा आहे, फादर कोर्बिनियन. वय नव्वद. ऐकायला कमी येतं आणि बोलायला कमी पडत नाही. हियासची पावलं जिन्यात वाजली की म्हातारा मला ढोसतो.

"ए, वेंडेलिन! तुझा बाप आला बघ."

"फादर, हळू बोला."

"हळू कशाला? अ‍ॅबट म्हणजे बापच की. तू त्याचा शेंबूड पुसलास आणि तो तुझा बाप झाला. देव पण कसली चेष्टा करतो एकेकाची!"

हियास आत आला. म्हाताऱ्याच्या हाताला हात लावला आणि ताप बघितला. मग माझ्याकडे वळला.

"ब्रदर वेंडेलिन, लाकडं पुरतायत ना तुम्हाला?"

"पुरतायत, फादर अ‍ॅबट."

"आणि बाकी?"

"बाकी ठीक."

त्याने शेगडीत एक फाटा सारला, तो काही त्याने सारायला नको होता. मग गेला.

तुला वाटेल, तिथेच का नाही बोललास? बुर्गल, त्याने वाचलंय. वाचूनही तो लाकडांचं विचारतो, म्हणजे उत्तर मिळालं. इसिडोरला 'जा' म्हणायला त्याला दोन मिनिटं लागली नाहीत. पण मी त्याचा भाऊ. अ‍ॅबटने कोणावर जास्त माया करू नये असंही त्या नियमात लिहिलेलं आहे. ते वाक्य हियास असं पाळतो की इतरांना पावशेर मिळालं तर मला छटाक मिळतं, कोणी नाव ठेवायला नको. आणि 'बाकी' म्हणजे काय, हे त्यालाही माहीत आहे.

आईचं अंग पुसून घेतेय का ती आता? कळव.

लोइस

एल्मबाख मठ, १५ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

प्रिय बुर्गल,

तुझं दुसरं पत्र फारच लहान होतं. "तू मागितलंस का? की बसलायस वाट बघत, नवरीसारखा?"

नाही मागितलं.

का, ते लिहितो. तो वाचणार आहे हे ठाऊक असूनच लिहितो. वाचू दे.

एक तर आमच्यात मागून मिळालं नाही की पुन्हा मागायचं नसतं. त्याला इथे कुरकुर म्हणतात आणि कुरकुरीइतकं मोठं पाप संत बेनेडिक्टला दुसरं दिसलेलं नाही. मी तोंडाने मागितलं नाही हे खरं. पण तू लिहिलंस, मी लिहिलं, ते सगळं त्याच्या टेबलावरून गेलं. याहून निराळं मागणं काय असतं?

दुसरं म्हणजे, मागायचं तर त्याच्या खोलीत जाऊन गुडघ्यावर बसावं लागतं. सगळे बसतात. मीही आधीच्या अ‍ॅबटपुढे शंभरदा बसलो, कधी काही वाटलं नाही. हियासपुढेही सगळ्यांसोबत बसतो. पण आईसाठी? ज्याला मी पाठुंगळीला मारून शाळेत नेलं, त्याच्यापुढे गुडघे टेकून म्हणायचं, की फादर, माझ्या आईला भेटू का? जणू ती त्याची कोणीच नाही! तू त्याच्या अ‍ॅबटपदाच्या समारंभात अंगठीला ओठ लावायचे नाकारलेस आणि पहिल्या बसने निघून गेलीस. सगळा मठ महिनाभर कुजबुजत होता. मी ओठ लावले. तेव्हा मला तुझा राग आला होता. आता मला कळतं की आपल्या दोघांत अकड सारखीच आहे. तू ती दाखवतेस आणि मी झाकतो, एवढाच फरक.

आज आणखी एक झालं. सकाळी माझ्या हातून कोर्बिनियन फादरचा वाडगा फुटला. इथे भांडं फुटलं की खापऱ्या हातात घेऊन जेवणाच्या वेळी भोजनघराच्या मधोमध गुडघ्यावर बसायचं. अ‍ॅबटने आपल्या टेबलावरची लाकडी हातोडी एकदा ठोकली की उठायचं. तोवर नाही. इतरांसाठी तो लगेच ठोकतो, माणूस टेकतो न टेकतो तोच. मला त्याने ठेवलं. जेवताना धर्मग्रंथ वाचून दाखवणाऱ्याने पान उलटलं, आणखी एक उलटलं. वाढपी माझ्या बाजूने वळसा घालून बार्लीचं सूप नेत होते. सगळ्यांचं सूप संपलं तेव्हा हातोडी वाजली.

गुडघे दुखले. त्यापलीकडे काही झालं नाही. खापऱ्यांवरच्या निळ्या फुलाकडे बघत होतो. अशी फुलं आपल्या घरच्या ताटांवर होती का, ते काही केल्या आठवेना. होती का गं?

दुपारी कोर्बिनियन फादर बोललेच. "माझ्या वाडग्यापायी तुला टांगलं म्हणे तुझ्या बापाने?"

"हो."

"मला नवा वाडगा कधी मिळणार ते सांग."

लोइस

एल्मबाख मठ, २४ फेब्रुवारी

प्रिय बुर्गल,

निळी फुलं होती, आणि आईने ताटं अजून ठेवलीत, हे कळवल्याबद्दल आभार. बाकीचं पत्र मी दोनदा वाचलं. तिचं बोलणं गेलं. डावा हात तेवढा चालतो आणि तो दिवसभर गोधडीवर काहीतरी शोधत असतो. असे हात मी पुष्कळ बघितले आहेत. त्याचा अर्थ तुला लिहीत नाही. तुला समजला असणार.

ती तुला आता पुसू देते, असं तू लिहितेस. देते म्हणजे नको म्हणायचं बळ उरलेलं नाही. तेव्हा कसं करायचं ते तरी सांगतो.

तिला ओढू नकोस. आपल्याकडे वळवायचं असेल तर पलीकडचा गुडघा आधी उभा कर, मग एक हात खांद्यामागे आणि एक कमरेमागे ठेवून आपल्या अंगाकडे लोटून घे. ती आपोआप वळते. चादरीला सुरकुती राहू देऊ नकोस, सुरकुतीनेच कातडं सोलतं. टाचांखाली लोकर घाल, पिंजलेली, मेंढीची तेलकट असते तीच. पाठीला आधी कोमट पाणी, मग दारूचा हात लाव, आणि मग कोरडं कर. माकडहाडाजवळ लाल दिसलं तर पाठीवर निजवू नकोस, कुशीवर ठेव. तोंड कोरडं पडलं तर चिंधी ओली करून ओठांना लाव. पाणी पाजायला जाऊ नकोस, ठसका लागेल. केस मात्र रोज विंचर. त्याने काही बरं होत नाही, तरी विंचर. आणि हे सगळं करताना तिच्याशी बोलत राहा. हवामानाचं बोललीस तरी चालेल.

हे सगळं मी तिथे उभं राहून हाताने दाखवू शकलो असतो.

मला रडूबिडू येत नाही, बुर्गल. काळजी करू नकोस. सकाळी उठतो, प्रार्थनेला उभा राहतो, तोंड आपोआप स्तोत्रं म्हणतं. खाली येऊन म्हाताऱ्याला वळवतो. आज सकाळी कोर्बिनियन फादरची पाठ पुसताना मी हवामानाचं बोलत होतो. ते म्हणाले, "कोणाशी बोलतोयस रे? मला तर कधी सांगत नाहीस हवा कशी आहे." मग मी त्यांना सगळं सांगितलं. ते कधी नव्हे ते गप्प ऐकत होते. ऐकू किती आलं देव जाणे.

"माग की मग," ते म्हणाले.

"त्यांनी वाचलंय, फादर. त्यांना सगळं माहीत आहे."

"अरे गाढवा, मला नव्वद वर्षं झाली. अजून रोज सकाळी देवाकडे भाकर मागतो. त्याला काय माहीत नाही मला भूक लागते ते?"

मी त्यांचा सदरा बदलला आणि सरळ वर गेलो. खरंच गेलो, बुर्गल. अ‍ॅबटच्या दाराशी उभा राहिलो. हात वर केला होता ठोकायला. तेवढ्यात दार आतून उघडलं आणि समोर हियास, हातात टोपी. कुठेतरी निघाला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. एकदम ओळखीचं पाहिलं, शाळेच्या वाटेवर बर्फात पाय रुतला की पाहायचा तसं.

"काही हवं होतं का, ब्रदर वेंडेलिन?"

ते 'ब्रदर वेंडेलिन' ऐकलं आणि मी वर केलेला हात खाली घेतला.

"फादर कोर्बिनियनचं खोकल्याचं औषध संपलंय," मी म्हणालो.

"कोठाऱ्याला सांगतो," तो म्हणाला. टोपी घातली. मग गेला.

औषध संपलेलं नव्हतं. अर्धी बाटली भरलेली आहे. फादर अ‍ॅबट, हे वाचत असाल तर आता तुम्हाला कळलं की मी तुमच्याकडे कशाला आलो होतो. संध्याकाळपर्यंत वाट बघतो. तुम्ही हे वाचून बोलावलंत तर मी गुडघ्यावर येईन. हवं तर पोटावर येईन.

बुर्गल, तिला सांग की मी दारापर्यंत गेलो होतो.

लोइस

एल्मबाख मठ, १ मार्च

बुर्गल,

हे पत्र टपालाने येणार नाही. उद्या पहिल्या बसने आम्ही दोघं निघतोय आणि मी ते तुझ्या हातात देणार आहे. तू दार उघडलं नाहीस तर खालून आत सरकवीन. इथे काय घडलं ते बोलून सांगायला मला जमणार नाही, म्हणून लिहून आणतोय.

२४ तारखेला संध्याकाळी कोणी बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोठाऱ्याने खोकल्याच्या औषधाची नवी बाटली आणून दिली. ती बघितली आणि माझ्या आतलं सगळं निवलं. म्हटलं, वाचलं आणि हे पाठवलं. एवढा कठोर तर आपला बापही नव्हता. त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगण्यासारखं काही नाही. कामं केली.

आज सकाळी मी कोर्बिनियन फादरना दुधात पाव कुस्करून देत होतो. हियास आत आला. ही त्याची यायची वेळ नव्हती. हातात तुझी तार होती.

"लोइस," तो म्हणाला.

बुर्गल, इतक्या वर्षांत या भिंतींच्या आत त्या नावाने मला कोणी हाक मारलेली नाही. मला वाटलं, कोणी दुसराच आलाय मागे.

"लोइस, आई गेली."

मी म्हणालो, "हो."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "हो म्हणजे? अरे, ती आजारी होती?"

मी चमचा वाडग्यात ठेवला. मला वाटलं, हा माझी थट्टा करतोय. मग त्याचं तोंड बघितलं.

"ख्रिसमसपासून," मी म्हणालो. "उजवं अंग गेलं होतं. बुर्गलने लिहिलं होतं. मी लिहिलं होतं. चार पत्रं, हियास. तुझ्या टेबलावरून गेली ना सगळी."

"मी तुझी वाचत नाही."

"काय?"

"तुझी पत्रं मी वाचत नाही. येतात ती फोडतो, जातात ती चिकटवतो. नियम आहे म्हणून. आत बघत नाही. सगळ्यांची वाचतो, तुझी नाही."

फादर कोर्बिनियन ओरडले, "काय म्हणतोय तो?"

मी विचारलं, का. तो पलंगाच्या कडेला बसला. अ‍ॅबट कधी असा बसत नाही.

"सुरुवातीला एक वाचलं होतं," तो म्हणाला. "बुर्गलचं. आईने प्लम भरून पिठाचे गोळे उकडले आणि सवयीने तीन ताटं जास्त मांडली, बापाचं, तुझं आणि माझं, असं होतं त्यात. दोन दिवस मला अन्न गेलं नाही. आणि मी इथे सगळ्यांचा बाप होऊन बसलेला. मग ठरवलं, घरचं वाचायचं नाही. आणि तुझ्या मनात चोरून डोकवायचं तर मुळीच नाही. तू थोरला. तुला काही हवं असतं तर तू येऊन सांगितलं असतंस. मी रोज यायचो रे. रोज विचारायचो, बाकी काय म्हणून."

"मी म्हणायचो, ठीक."

"तू म्हणायचास, ठीक."

"त्या दिवशी दारात—"

"तू म्हणालास, औषध संपलंय."

आमच्यात एवढंच बोलणं झालं. मला ओरडावंसं वाटलं नाही, त्याला मारावंसं वाटलं नाही. मी दुधाचा वाडगा उचलला आणि उरलेला पाव म्हाताऱ्याला भरवला. तो गार झाला होता. हियास कधी उठून गेला ते मी पाहिलं नाही.

बुर्गल, मी चार पत्रं तुला लिहिली असं तुला वाटतं. मलाही तसंच वाटत होतं. त्यातली निम्मी मी त्याला लिहिली होती. टोमणे त्याला, हट्ट त्याला. तूही तेच केलंस. आपण दोघांनी मिळून त्याला इतकं सुनावलं आणि त्यातला एक शब्द त्याच्या कानावर गेला नाही. आणि ती तिकडे गोधडीवर हात फिरवत होती.

आता दुपारचं सांगतो.

जेवणाची घंटा झाली. आम्ही आपापल्या जागी उभे राहिलो. मी दाराजवळच्या शेवटच्या टेबलाशी, नेहमीचा. हियास आत आला, पण आपल्या टेबलाकडे गेला नाही. भोजनघराच्या मधोमध आला आणि गुडघ्यावर बसला. हातात खापरी नव्हती, काही नव्हतं. दोन्ही हात मोकळे, तळवे वर.

कोणाला काही कळेना. वाचणाऱ्याने वाचायला सुरुवात केली, पुढे त्याचा आवाज अडखळला, तो थांबला. सगळे प्रायरकडे बघू लागले, अ‍ॅबटच्या खालोखाल तेच. प्रायर आपल्या चमच्याकडे बघत राहिले. उठवायची हातोडी फक्त अ‍ॅबटच्या टेबलावर असते, ती फक्त अ‍ॅबट ठोकतो, आणि अ‍ॅबट जमिनीवर. अशा वेळी काय करायचं हे संत बेनेडिक्टने लिहून ठेवलेलं नाही. शेवटी प्रायरनी खूण केली आणि सूप वाढलं गेलं, त्याला वळसा घालून.

मी जेवलो. हे तुला सांगायलाच हवं. वाटाण्याचं सूप होतं, जाडसर. मी एकेक चमचा खाल्ला आणि त्याच्या पाठीकडे बघत होतो. त्याच्या डोक्याचा मधला भाग विरळ झालाय, मला माहीतच नव्हतं. त्याने मला सूप संपेपर्यंत ठेवलं होतं. मी माझं सूप संपवलं. पावाच्या तुकड्याने वाडगा पुसला. मनात राग नव्हता, नव्हताच. फक्त, त्याच्या बुटांचे तळवे दिसत होते आणि एकाची शिवण उसवली होती. आई असती तर म्हणाली असती, अरे, पाय भिजतील.

तेवढ्यावर मी उठलो.

दाराजवळच्या टेबलापासून अ‍ॅबटच्या टेबलापर्यंत कुठलाही साधा ब्रदर जेवताना चालत गेलेला मी पाहिलेला नाही. गेलो. हातोडी उचलली. ती हातात हलकी लागली, मला वाटलं होतं जड असेल. एकदा ठोकली.

तो उठेना. मान खाली घालून तसाच. बहुतेक त्याने ऐकलंच नाही, किंवा खरी वाटली नसेल. मग मी त्याच्यापाशी गेलो. भोजनघरात बोलायचं नसतं, हे मला इतक्या वर्षांत एकदाही विसरायला झालेलं नाही.

"हियास, ऊठ," मी म्हणालो. "गार होतंय."

माझ्या तोंडून आईचाच आवाज आला, बुर्गल. तिचाच, परसात येऊन हाक मारायची तो. मी तो ऐकला आणि त्याच्याशेजारी टेकलो. आम्ही दोघं तिथेच खाली बसलो होतो, सगळ्या मठासमोर. तो माझ्या झग्याला धरून रडत होता आणि मी तोंड उघडं टाकून बसलो होतो. मला अजूनही रडू आलेलं नाही. ते येईल तेव्हा तुझ्या अंगणात येईल असं वाटतं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

उद्या दार उघडायचं की नाही ते तू ठरव. तिला शेवटी कोणी वळवलं, कोणी विंचरलं, ते आम्हाला ठाऊक आहे. तू नको म्हणालीस तर आम्ही गोठ्यापाशी थांबू आणि तिला न्यायची वेळ झाली की मागे चालू.

हे पत्र मी आत्ता त्याच्या टेबलावर ठेवतोय. न चिकटवता. वर लिहिलंय, 'वाच.'

लोइस

बुर्गल,

हे मी वाचलं. आधीची माझ्या टेबलावरून गेली. तू ती जाळली नसशील तर मला दे, मला सगळी वाचायची आहेत, तुझी त्याच्याकडे आहेत तीसुद्धा. अंगठी प्रायरकडे ठेवून येतोय. बाहेर थंडी आहे आणि लोइसच्या छातीत घरघर होतेय, खोकल्याचं औषध त्यानेच म्हाताऱ्याला देऊन टाकलं.

दार उघड.

हियास